शंभर जणींना दिसेल असा जाळ

आमच्या घरी चुलीचा जाळ तव्याच्या कडेवर आला, की माय हातातली भाकरी तशीच धरून आधी लाकूड मागे ओढायची. "जाळ दिसाया नगं, भाकर दिसाया पायजे," असं ती म्हणायची. घरी म्हणते आहे खरी, पण वर्षातले सात-आठ महिने आमचं घर म्हणजे तीन दगड, बिऱ्हाड वाहणारं एक घोडं, दोन कुत्री, दीडशेच्या आसपास मेंढरं आणि त्यांना कोंडायची वाघर, म्हणजे सुताची मोठी जाळी. दिवाळी झाली की आबा, माय आणि थोरला भाऊ मेंढरं घेऊन डोंगरपट्ट्यातून खाली गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, उतरायचे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि शेतकरी आम्हाला ज्वारी-बाजरी द्यायचा. चार दिवस या रानात, चार दिवस पुढच्या. अशा मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. शाळेत बाईंनी एकदा वाड्यावर निबंध लिहायला सांगितला होता. मी वाघर, कुत्री आणि कोकरं यांच्यावर दोन पानं लिहिली. बाईंनी खाली शेरा दिला, 'दरवाजा कुठे आहे?' मी उत्तर दिलं, "बाई, न्हाईच."

मी स्वतः पहिलीपासून सिरसाळ्याला आत्याकडे राहून शिकत होते. सुट्टी लागली की वाड्यावर जायचं. सिरसाळ्यात मला झोप लागत नसे, कारण तिथं मेंढरांचा रवंथ ऐकू येत नसे. दीडशे मेंढरं एका वेळी रवंथ करतात तेव्हा वाळल्या पाचोळ्यावरून कुणी हळूहळू चालत गेल्यासारखा आवाज येतो, आणि तो थांबतच नाही. वाड्यावर पहाटे मायच्या भाकरी थापण्यानं जाग यायची. मग हुलग्याचं गरम माडगं, वर चिमूटभर जिरं. दुपारी भाकरी-ठेचा. कधी शेतकऱ्याच्या घरून येसराची आमटी आली तर आबा तिचा वास आधी घ्यायचे, मग ती ताटलीत ओतायचे. मेंढी व्याली की चिकाचा खरवस. तो माय कुणालाही मागू द्यायची नाही, आपणच वाटायची आणि स्वतःला शेवटी घ्यायची. आज माझ्या फ्रिजमध्ये काय नाही? पण त्या खरवसाची आठवण आली की मी उगाच फ्रिज उघडून बघते आणि बंद करते.

त्या चुलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माय बांधाच्या आडोशाला वीतभर खोल खड्डा करायची. तळाला वाळल्या लेंड्या, त्यावर चिमटीत मावतील एवढ्या तुरीच्या काड्या म्हणजे तुराट्या, आणि त्या पेटल्या की बाभळीची दोनच लाकडं. बाभूळ हळू जळते आणि तिचा निखारा टिकतो. जाळ दगडांच्या वर यायचा नाही, धूर तर जवळजवळ नसायचाच. पन्नास पावलांवरून कुणी गेलं तरी त्याला कळू नये की इथं चूल पेटली आहे. याला कारणं होती. दूरवर जाळ दिसला की मेंढरं कुठं बसली आहेत ते चोराला कळतं. भडका उडाला की मेंढरं बुजतात आणि वाघर तोडून उधळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आम्ही कायम दुसऱ्याच्या रानात. शेजारी कडब्याची गंजी असायची. एक ठिणगी उडाली तर त्या गावात पुन्हा कुणी आम्हाला उभं केलं नसतं. लहान जाळ ही आमची अब्रू होती. सात वर्षांची असताना मी पहिल्यांदा एका काडीत चूल पेटवली, तेव्हा आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या वयात मला दुसरं कुठलंही बक्षीस मिळालेलं नव्हतं.

मी नववीत गेले त्या वर्षी थोरला भाऊ बायकोला घेऊन सासऱ्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. मेंढरांमागे आबा एकटे आणि कोकरं-चूल-बिऱ्हाड सगळं मायच्या अंगावर. दिवाळीत आबा सिरसाळ्याला आले, आत्याच्या ओट्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहामाही झाली. लई झालं आता. पोरीला न्येतो."

आत्या म्हणाली, "दादा, दीड वर्षात म्याट्रिक हुती की ती."

"व्हईल. पन कोकरं दीड वरीस थांबत्यात का?"

मी दाराआड होते. मला रडू आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "आबा, आमचं गाइडचं शिबिर हाय धर्मापुरीला. तीन दिवसांचं. तेवढं करून येते." त्या वर्षी पाऊस लांबला होता, खाली काळ्या रानात अजून चिखल होता, म्हणून मेंढरं अजून वरच, धर्मापुरीच्या अंगालाच होती. आबांनी जरा विचार केला. "बरं. कर शिबिर. तिसऱ्या दिशी तितूनच न्येतो तुला." म्हणजे शिबिर संपलं की शाळा संपली. हे मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, आणि मी सांगितल्यामुळे आमच्या गाइडच्या उजनीकर बाईंनाही माहीत होतं. बाई म्हणाल्या, "मी बोलते तुझ्या वडिलांशी." मी मान हलवली, पण माझे आबा मला माहीत होते.

धर्मापुरीचं जुनं देऊळ नक्षीदार दगडांचं. त्याच्या पलीकडच्या माळावर सहा शाळांचे तंबू लागले. सगळ्या मिळून शंभराच्या आसपास मुली. निळे फ्रॉक, गळ्यात स्कार्फ, आणि पायांत जिला जे असेल ते. शेवटच्या संध्याकाळी मोठी शेकोटी आणि तिच्याभोवती गाणी-नकला होणार होत्या. त्याआधी त्या दुपारी शेकोटीची परीक्षा. प्रत्येक शाळेनं एक शेकोटी रचायची, दोनच काड्या, रॉकेल नाही. जिची शेकोटी चांगली, ती शाळा रात्रीची मोठी शेकोटी पेटवणार. आमच्या शाळेत पास-नापासाशिवाय दुसरा मान कुणाला मिळत नसे. त्यामुळे या मानासाठी आमच्या मुली जीव टाकत होत्या.

उजनीकर बाई शहरातून आलेल्या. त्यांच्या घरी गॅस होता, तो बघायला आम्ही एकदा गेलो होतो. पहिल्या दिवशी त्यांनी गाइडचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "शेकोटीसाठी प्रथम जागा साफ करावी." मुलींनी जागा साफ केली. "बारीक काटक्या तंबूसारख्या रचाव्यात." रचल्या. "काडी ओढावी." काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुली घरी चूल पेटवायच्या. पण घरच्या चुलीला तीन बाजूंनी भिंत असते, वर छप्पर असतं आणि कोनाड्यात रॉकेलची बाटली असते. मोकळ्या माळावर वारा सगळीकडून येतो. अर्धी पेटी संपली. वनमाला आमची गटनायिका, आडत्याची मुलगी, मनानं चांगली पण जिभेनं तिखट. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भागे, तू कावून गप? तुमचा तर जल्म रानात. का मेंढराच्या वासानं काडी इझायली?" मुली हसल्या. माझ्या फ्रॉकला धुराचा आणि लोकरीचा वास यायचा. आत्याच्या साबणानं तो कधी गेला नाही.

मी बाईंना म्हणाले, "बाई, काड्या वाया चालल्यात. आदी वारा बघा."

"वारा कसा बघायचा?"

"डोळे झाका. ज्या गालाला गार लागतंय, तिकडनं वारा."

बाईंनी पुस्तक छातीशी धरून डोळे मिटले. त्यांचं बघून सगळ्या मुलींनी मिटले. एवढ्या जणी माळावर डोळे मिटून एक गाल पुढं करून उभ्या आहेत, हे चित्र आठवलं की मला अजून हसू येतं. मग मी वाऱ्याकडे पाठ करून उकिडवी बसले, काडी ओढून लगेच ओंजळीत घेतली आणि ज्योत काडीच्या अंगावर चढेपर्यंत थांबले. पहिल्यांदा शेकोटी करणाऱ्याची चूक बहुतेक हीच असते, तो थांबत नाही. काडी पेटली की घाईनं खुपसतो. आधी काडीला सावरू द्यावं, मग तिनं गवताला धरावं, गवतानं काटकीला, काटकीनं बोटाएवढ्या लाकडाला. मोठं लाकूड सगळ्यात शेवटी. हे मी पुढं पस्तीस वर्षं वर्गात मुलींना सांगितलं, आणि ते फक्त शेकोटीच्या तासालाच सांगितलं असं नाही.

एका काडीत जाळ लागला. वनमाला म्हणाली, "बाई, ते पुस्तक ऱ्हाऊ द्या, हिलाच शाळेत चिटकवा आता." टोमणा होता, पण त्यात मान होता. त्या संध्याकाळी तिनं मला आपल्या डब्यातले धपाटे दिले, आणि शेकोटीचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी शिबिरात मान वर करून फिरले. तिसरा दिवस उजाडूच नये असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं ओढ्यापलीकडे मायच्या नजरेखाली ठेवून आले होते. बाईंनी त्यांना लिंबाखाली बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, गणितात पहिली येते, दीड वर्षाचाच प्रश्न आहे. आबांनी कप खाली ठेवला. "बाई, तुमचं खरं हाय. पन मेंढराला तुमचं खरं कळत न्हाई." ते उर्मटपणे बोलले नाहीत. त्यांच्या आवाजात थकवा होता. बाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. शेवटी त्या म्हणाल्या, "निदान परीक्षा होईपर्यंत थांबा." आबा म्हणाले, "थांबतो की. लेकीचा जाळ बघतो."

सहा शाळांच्या सहा जागा आखल्या होत्या. मी जीव ओतला. ओढ्याच्या बाजूला थोडा उतार होता, तिथं वीतभर खड्डा घेतला, मायसारखा, कडेला तीन दगड. तळाला कोरड्या शेणीचा चुरा, वर तुराट्या, बाभळीची दोन लाकडं. एकच काडी वापरली, दुसरी शिल्लक ठेवली. इतर शाळांचे जाळ भसाभस धूर सोडत होते, दोन विझले होते. माझा विस्तव लालबुंद, शांत, दगडाखाली दबून बसलेला. इतकी चांगली चूल मी आयुष्यात लावली नव्हती. आबांकडे बघितलं तर ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

परीक्षक सर वही घेऊन एकेक जागा बघत आले. माझ्यापाशी उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "शेकोटी कुठंय?"

मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. ते वाकले. "अगं, ही तर चूल झाली!"

आधी पलीकडच्या शाळेच्या मुली हसल्या, मग सगळ्याच. सर वाईट नव्हते. त्यांनी मला नीट सांगितलं, "बेटा, विस्तव झकास आहे. पण शेकोटीभोवती शंभर मुली बसणार. त्यांना जाळ दिसला पाहिजे, एकमेकींची तोंडं दिसली पाहिजेत, ऊब लागली पाहिजे. याच्याभोवती चौघी बसतील." आणि वहीत फुली मारली.

शेकोटी म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. पुस्तकात चित्र होतं, पण ते मी नीट बघितलंच नव्हतं, कारण जाळ लावता येतो म्हटल्यावर चित्र कशाला बघायचं? ज्या गोष्टीचा अभिमान होता तीच नडली.

आबा उठून आले. "सायब, ह्या जाळावर धा मानसाच्या भाकरी हुत्यात. एक काडी लागली हाय पोरीला."

"खरं आहे हो. पण ही भाकरीची परीक्षा नाही."

आबांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. मग मला म्हणाले, "चल भागे. हितं तुला जाळ लावाया येत न्हाई म्हनत्यात. नऊ वरसं शिकून ह्येच आईकायचं व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला कळलं की आता हे ठरलं. मघापर्यंत त्यांच्या मनात जे थोडं डळमळीत होतं तेही गेलं. ज्या जागी आपल्या लेकीचं हसं होतं, तिथं ती कशाला ठेवायची?

मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा आबांचं ऐकलं नाही. सरांना म्हणाले, "सर, माझी एक काडी शिल्लक हाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पश्चिमेकडे. "दिवस बुडायच्या आत," ते म्हणाले. "आणि काडी एकच."

आता ज्याला कॅम्पफायर म्हणतात, ती कशी रचायची हे मी त्या तासाभरात शिकले, एखाद्या पहिलीतल्या मुलीसारखी. बाई फतकल मारून मातीत बसल्या, मांडीवर पुस्तक. त्या वाचायच्या, मी रचायची. "दोन जाड लाकडं समांतर ठेवावीत. त्यांवर दोन आडवी. चौकट वर वर लहान होत जावी." आम्ही बैलगाडीच्या साट्यासारखी चौकट उभी केली. मुली बाभळ, बोरी, कापसाच्या पऱ्हाट्या जे मिळेल ते ओढून आणत होत्या. ज्या हसल्या होत्या त्यांतल्याही दोघी आल्या. पण माझे हात माझं ऐकेनात. एवढं लाकूड एका जागी रचायचं तर आमच्याकडे एकच प्रसंग असतो, आणि तो घरात नको असतो. माळाच्या कडेला कडब्याची गंजी होती, तिचा विचार डोक्यातून जाईना. मी काम थांबवून सगळी रचना उचलली आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, माळाच्या मध्यावर नेली. वनमाला करवादली, "अगं बये, दिवस बुडाला की!" तरी तीच सगळ्यात आधी लाकडं घेऊन पळाली. दहा-दहा पावलं चारी बाजूंचं गवत आम्ही हातांनी उपटलं. दोन घागरी पाणी आणि पाटीभर माती जवळ ठेवली. मग मी चौकटीच्या पोटात तुराट्या ठासून भरल्या.

"झालं," मी म्हणाले आणि काडी काढली.

"थांब," बाई म्हणाल्या. "इथं लिहिलंय, लाकडांमध्ये हवा खेळती राहील अशी फट ठेवावी. ठासून भरू नये."

"बाई! हे आदी का न्हाई वाचलं?"

"मागच्या पानावर होतं गं!"

बाई इतक्या ओशाळल्या की मला हसू आलं, आणि हसल्यावर हात थोडे सैल झाले. पण बाईंचं खरं होतं. खड्ड्यातल्या चुलीत लाकूड जवळ जवळ ठेवतात, तिथं धग राखायची असते. उभ्या जाळाला श्वास घ्यायला जागा लागते. मी अर्ध्या तुराट्या बाहेर काढल्या. ज्या बाजूनं वारा येत होता तिकडे खालच्या थरात हातभर दार ठेवलं. हे पुस्तकात नव्हतं, ते मायचं होतं. मग गाल फिरवून वारा बघितला, दाराशी वाकले आणि काडी ओढली. भोवती इतकी शांतता होती की पेटीवर काडी घासल्याचा आवाज मी अजून ऐकू शकते. ज्योत लवली, बारीक झाली. मी थांबले. ती काडीवर चढली. गवतानं धरलं, मग तुराटीनं. मग बराच वेळ नुसता धूर, आणि मला वाटलं संपलं.

मग आतून भर्रकन आवाज आला आणि जाळ चौकटीच्या चारी खणांतून एकदम वर चढला. मुली किंचाळून मागं सरकल्या. मीही सरकले. एवढा जाळ मी कधी लावला नव्हता. त्याच्या उजेडात पलीकडच्या मुलींचे चेहरे दिसत होते, एकेकीचा वेगळा. बाईंच्या चष्म्यात तो दिसत होता. सर वही उघडून आधीची फुली खोडत होते. वनमालानं माझ्या पाठीत एक धपका घातला, तो कौतुकाचा होता पण जोरात बसला.

आबा जाळाभोवती फिरत होते. उपटलेल्या गवताची कड त्यांनी पायानं चाचपली. घागरीत वाकून पाणी किती आहे ते बघितलं. मग मला विचारलं, "एवढा जाळ इजवनार कशी?"

शिबिरात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, "आदी लाकडं सोडवायची. मंग पानी शिंपायचं, ओतायचं न्हाई. मंग माती कालवायची. बाई म्हनत्यात, राखंत उघडा हात घालता आला पायजे, तवर जागा सोडायची न्हाई."

"पुस्तकात हाय हे?"

"हौ. शेवटच्या पानावर."

"मंग पुस्तक शानं हाय," आबा म्हणाले.

ते तळव्यांना शेक घेऊ लागले. सूर्य देवळाच्या मागे गेला होता. ओढ्यापलीकडून मायची मेंढरांना घातलेली हाळी ऐकू आली. माझी पिशवी तंबूत भरलेली होती. मी ती घेऊन आले तेव्हा आबा शिबिराच्या स्वयंपाकीणबाईकडून एक फुटकं खापर मागून आणत होते. त्यांनी खापरात राख घेतली, माझ्या शेकोटीतलं बाभळीचं एक जळतं लाकूड काठीनं बाहेर ओढलं, त्याचे निखारे झाडून खापरात घेतले आणि वर पुन्हा राख टाकली. मी बघतच राहिले. आबांच्या कमरेला काड्यांची पेटी कायम असायची.

आमच्यात अशी रीत आहे की दुसऱ्याच्या चुलीचा विस्तव उगीच नेत नाहीत. नेला तर ते घर आपलं मानायचं, आणि मग त्या घराचं वाईट होऊ द्यायचं नाही. बाईंना हे माहीत असणं शक्य नव्हतं, म्हणून आबांनी त्यांना सांगितलं. खापर दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "बाई, ज्या चुलीचा इस्तू न्येला ती चूल आमी मोडत न्हाई. पोरगी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. म्याट्रिक करा तिला."

बाईंनी आबांना नमस्कार केला. आबा गोंधळले, कारण दोन्ही हातांत खापर, उलट नमस्कार कसा करणार? त्यांनी मान झुकवली आणि ते ओढ्याकडे निघाले. मी पिशवी घेऊन तशीच उभी होते. वनमालानं ती माझ्या हातातून काढून पुन्हा तंबूत नेऊन ठेवली.

मी मॅट्रिक झाले, मग अंबाजोगाईला राहून पदवीधर झाले. आमच्या सात पिढ्यांत कुणी झालं नव्हतं, असं आबा गावभर सांगत. पाच पिढ्यांमागचं त्यांनाही काही माहीत नव्हतं, पण सात म्हणत. हे सांगताना मला अभिमान वाटतो, लपवत नाही. पण त्या वर्षी कोकरं एकट्या मायनं वाढवली, हेही लिहून ठेवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यावर गेले तेव्हा तिच्या हातांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी तिच्या हातातलं लाकूड घेतलं आणि चुलीपुढं बसले. मी लाकूड आत सारलं तशी ती बोलली.

"त्या दिशी तुजा बा खापरात इस्तू घेऊन आला. म्या म्हनलं, प्वार कुटं हाय? तर म्हनतो, आदी ह्याच्यावर भाकरी कर. केल्या. खाल्ल्या आन म्हनतो, आजच्या भाकरीला चव लई न्यारी हाय." माय हसली, चिंध्या बांधलेल्या हातानं तिनं डोळे पुसले. "म्या म्हनलं, आवो, पीठ कालचंच हाय, इस्तवाला काय चव असती व्हय? तर ऐकंना. म्हनला, तुला न्हाई कळायचं, वाढ आजून एक."